मादळवाडीच्या मैदानाची शोषणक्षमता

नव्या जिल्ह्याला आधी नकाशा लागतो, मग जीप लागते आणि त्यानंतर लगेच थोर माणूस लागतो. आमचा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा वाटणीत टेबलं, कपाटं आणि दोन टंकलेखन यंत्रं (एकात 'ळ' नव्हता) रीतसर मिळाली. थोर माणसं मात्र जुन्या जिल्ह्याने सोडली नाहीत. संत तिकडे गेले, कवी तिकडे गेले. इकडे राहिलेले सगळे हयात होते, आणि हयात माणसाच्या थोरपणावर एकमत होत नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या परिचय-पुस्तिकेत 'नामवंत व्यक्ती' हे पान कोरंच राहिलं. ते भरण्यासाठी लौकिक समिती स्थापन झाली. अध्यक्ष साहेबराव. त्या पानावर स्वतःचं नाव घालायला त्यांचा विरोध नव्हता, पण सुचवणारा कुणी मिळाला नाही. सचिव व्यंकटराव, निवृत्त मुख्याध्यापक.

व्यंकटरावांना चांदपाशा सापडला तो भज्यांच्या कागदात. हैदराबादचा उर्दू पेपर होता. देगलूरच्या रस्त्यावरच्या मादळवाडीचा हा गडी मस्कतच्या एका फुटबॉल क्लबात फॉरवर्ड म्हणून खेळतो आणि तीन हंगामांत त्याने एक्केचाळीस गोल केलेत, असं त्यात छापलं होतं. समितीने ठराव केला की चांदपाशा थोर आहे.

चांदपाशाला हे कळायला दोन महिने लागले. हैदराबादेत मामाच्या सायकल दुकानात पंक्चर काढता काढता तो खेळ शिकला होता आणि तिथूनच परदेशी गेला होता. मादळवाडीत त्याच्या नोकरीचं वर्णन 'लाथा मारायचं काम' असं होत असे. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट एकाच गोष्टीचं वाटे. मस्कतच्या त्या वाळवंटात क्लबच्या गवताला सकाळ-संध्याकाळ पाणी मिळत होतं. हे त्याने घरी कधी लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये तो सुटीवर आला तेव्हा सलग तिसरा दुष्काळ चालू होता. त्याची आई बेगमबी आणि शेजारीण कोंडाबाई पहाटे उठून मन्याड नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उपसून झिरा खणत, आणि वाटीवाटीने हंडा भरून दुपारी परतत. गावाने टँकरसाठी दोन अर्ज केले होते. पहिल्याला उत्तर आलं की 'मादवाडी' नावाचं गाव जिल्ह्यात नाही. दुसऱ्याला आलं की गावात विहीर आहे, सबब टँकर नाही. विहीर खरोखरच होती. तिच्यात पाणी असावं अशी नियमात अट नव्हती.

समितीने चांदपाशाला बोलावून हार घातला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा प्रदर्शनीय सामना जाहीर केला.

"पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून मैदानावर रोज चार टँकर पाणी मारणार आहोत," साहेबराव म्हणाले. "जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल आहे."

"साहेब, त्यातला एक टँकर आमच्या गावाला देता का?"

"देऊ की. पण हे पाणी क्रीडा सदरातलं आहे. पिण्याचं सदर वेगळं."

फॉरवर्डचं काम मोकळी जागा हेरण्याचं असतं, आणि चांदपाशाला ती दिसली.

"मग सामना आमच्या गावच्या माळावरच घ्या," तो म्हणाला. "माझा गुडघा जरा दुखून राहिला. आपल्या मातीत बरा चालंल."

मातीचं नाव निघाल्यावर साहेबरावांचे डोळे पाणावले. (त्या वर्षी जिल्ह्यात एवढंच पाणी विनाअर्ज मिळालं.) सामना मादळवाडीला ठरला.

दुसऱ्या दिवसापासून चार टँकर येऊ लागले. प्रत्येकावर 'साहेबरावांच्या सौजन्याने' अशी पाटी होती. टँकर माळावर उभा राहिला की गाव हंडे, घागरी, तेलाचे डबे घेऊन भोवती जमे. मैदानाला थेंब मिळत नसे. आठवड्याने व्यंकटराव पाहणीला आले तेव्हा जमीन दगडासारखी होती. त्यांनी अहवालात लिहिलं, 'मैदानाची शोषणक्षमता असामान्य आहे. टँकरची संख्या वाढवावी.' टँकर सहा झाले. हंड्यांच्या रांगेबद्दल अहवालात 'ग्रामस्थांचा खेळाविषयीचा उत्साह' असा उल्लेख आहे.

सामन्याची तारीख जवळ आली की चांदपाशा गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत फिरे. सामना आठ दिवस पुढे जाई, पाणी मारणं चालू राही. असं चार वेळा झालं.

"काय रे बाबा," बेगमबी म्हणाली, "काल उजवा दुखत होता, आज डावा बांधलास?"

चांदपाशाने पट्टी सोडून उजव्याला बांधली.

थोर माणसाच्या गुडघ्याची बातमी होतेच. व्यंकटरावांनी ती हौसेने हैदराबादच्या पेपरला कळवली आणि पेपरातून ती मस्कतला पोहोचली. वीस मेला क्लबची तार आली. पाच जूनपर्यंत धडधाकट हजर व्हावं, नाहीतर करार संपला.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. जायचं म्हटलं तर सामना रद्द आणि टँकर बंद. राहायचं म्हटलं तर बत्तिसाव्या वर्षी खेळ बंद. पुन्हा दुसरा क्लब बोलावील अशा वयाचा फॉरवर्ड तो नव्हता.

"जा तू," कोंडाबाई म्हणाली. "झिरा हाय की. आजवर काय आम्ही मेलो व्हय?"

"झिऱ्याला पाणी हाय का आता?"

झिरा पंधरा दिवसांपूर्वीच आटला होता.

"माझ्यापायी राहू नको, बेटा," बेगमबी म्हणाली. "माझं निभंल."

"तुझ्यापायी न्हाई," तो म्हणाला. "सहा टँकर तू एकटी थोडीच पितीस?"

पाच जूनला सकाळी तो माळावर गेला. टँकर यायचा होता आणि गाव रांगेत उभं होतं. ढकलाढकली, शिव्या, नळीखाली आधी हंडा कुणाचा यावरून भांडण. कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने दगडावर बसून पट्टी घट्ट आवळली आणि समितीला पाचव्यांदा चिठ्ठी लिहिली. गुडघा बरा नाही.

तेवीस जूनला पाऊस आला. चोवीसला त्याने तार केली, गुडघा बरा आहे. एक तारखेला उत्तर आलं की जागा भरली.

मैदानावर चिखल झाल्याने समितीने सामना रद्द केला आणि डॉक्टरकडून त्याचा गुडघा तपासून घेतला. दोन्ही गुडघे निर्दोष निघाले. दोष मग चांदपाशात असणार, हे उघड होतं. 'लौकिकाची फसवणूक' या कारणाखाली त्याचं थोरपण परत घेण्यात आलं. तसंही तो आता परदेशी नव्हता, आणि थोर माणूस लांब असावा लागतो.

मादळवाडीने सभा भरवून पाण्याबद्दल साहेबरावांचे आभार मानले. पाटीवर नाव त्यांचंच होतं. चारशे सह्या-अंगठे झाले. बेगमबीपुढे कागद आला तेव्हा ती म्हणाली, "अंगठा वला हाय माझा, शाई धरायची न्हाई." आणि तिने हात पदराखाली घेतला. 'नामवंत व्यक्ती' या पानावर साहेबरावांचा फोटो छापून आला. हार घातलेला.

चांदपाशाने उदगीरला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पस्तावलास का, असं विचारलं की तो चाकातली हवा दाबून बघतो आणि म्हणतो, "पाच जूनला दोन तास पस्तावलो. मग टँकर आला."

एवढं वाचून आपणास वाटलं असेल की वेडाच होता. जायला हवं होतं त्याने, पाऊस काय, आज ना उद्या येणारच होता. समितीच्या इतिवृत्तात शेवटचा अभिप्राय शब्दशः हाच आहे. त्याखाली सहमत असणाऱ्यांच्या सह्यांसाठी जागा मोकळी ठेवली आहे. आपण सवडीने जाऊन सही करावी.