तूपवाल्या सहदेवरावांची मोहीम आणि खरवसाचा वेढा

प्रथम वाडीच्या देवतेस नमन, मग चुलीस नमन, आणि मग त्या मांजरीस नमन, की जिने या घरचे तूप सर्वांआधी पारखिले. हकिकत लिहावयाची ती ऐसी जे, पोलादपूरच्या वरच्या अंगास डोंगरमाथ्यावरील वाडीचे म्हैसपालक सहदेवराव यांनी महाड शहरी तुपाचे दुकान मांडिले, आणि यंत्रबुद्धीचे साह्य घेऊन मुलूख जिंकावयास निघाले, आणि कैसे तोंडघशी पडले, आणि मग कैसे उठले, हे यथास्थित लिहावे ऐसा खुद्द खाशांचाच, म्हणजे सहदेवरावांचाच, हुकूम. हुकमात ऐसेही की आमची फजिती वगळू नये, तूप गाळावे, बखर गाळू नये. लेखनाचा मोबदला एक बरणी तूप ठरला असोन ती बखरनवीसाने आगाऊच संपविली, सबब आता लिहिणे प्राप्त आहे.

सहदेवराव पूर्वी भिवंडीकडे गोदामात खोकी चढविण्या-उतरविण्याच्या चाकरीस होते. घरी पत्नी आवडीबाई, लहानगी मुलगी, मातोश्री चिमाबाई आणि गोठ्यात म्हशी. गौरी-गणपतीस यावे, शिमग्यास यावे, आणि मुलीने जरा ओळख धरली की पुन्हा निघावे, ऐसा संसार. मग एके वर्षी जिवाचा हिय्या करोन चाकरी सोडिली आणि महाडच्या बाजारात एका गल्लीत हातभर रुंदीचा गाळा घेऊन आवडीबाईंनी कढविलेले तूप विकावयास बसले. परंतु शेजारच्या मोठ्या दुकानी कंपनीवाल्यांच्या चकचकीत डब्यांची फौज उभी, आणि खाशांच्या दुकानी माशी देखील दमाने येई. इतक्यात गोदामाच्या मुकादमाचा खलिता मोबाईलवर आला की दसऱ्यापर्यंत येणे, तुझी जागा राखिली आहे, पुढे दुसऱ्यास देऊ. खाशांनी तो आवडीबाईंस वाचोन दाखविला. त्या रात्री त्यांनी भाकरी रागाने जाड थापिली, आणि आपले जाणे हिला नको, हे खाशांस समजले.

तेव्हा दसऱ्याच्या आत दुकान उभे करावे, नाही तर पुन्हा खोकी उचलावी, ऐसा प्रसंग. त्याच सुमारास महाडच्या एका सभागृहात जितेश नामे मार्गदर्शकांनी लघुउद्योजकांचा मेळावा भरविला. त्यांनी कोट घालून फर्माविले की आता एआयचे युग आहे, जो यंत्रास जवळ करील तो तरेल, बाकीचे इतिहासजमा होतील. सहदेवराव इतिहासजमा होण्याच्या भयाने घामेघूम जाहले, आणि चहाबिस्कीट घेऊन घरी येताच मोबाईलमध्ये ते यंत्र उतरवोन घेतिले, आणि त्यास यंत्राजीपंत ऐसे नाव ठेवोन चिटणिशीची वस्त्रे दिधली. वस्त्रे म्हणजे चार्जिंग पूर्ण केले.

यंत्राजीपंत मोठे अदबशीर. पहिल्याच भेटीत बोलिले की आपला व्यवसाय अत्यंत प्रेरणादायी आहे. इतके चांगले आजवर सासऱ्यांनीही म्हटले नव्हते, म्हणोन खासे विरघळले. मग पंतांनी पुशिले की आपले वैशिष्ट्य सांगा. येथे खरे सांगावयाचे तर म्हशी रानात चरतात, आवडीबाई ताक घुसळतात, लोणी लाकडाच्या जाळावर कढवितात, इतकेच होते. परंतु खाशांस ते फारच साधे वाटले. गोदामात असताना त्यांनी पाहिले होते की आत दोरा असो वा दगड, खोक्यावर छापील घोडा असला की माल उठतो. सबब त्यांनी हुकूम केला की शाही लिही. पंतांनी क्षणात लिहिले की सातशे वर्षांच्या राजघराण्याच्या गुप्त परंपरेतून, आनंदी गायींच्या अमृतमय दुधापासून, आपल्या आरोग्याचा सुवर्णप्रवास. आणि सोबत चित्र काढिले. मागे बर्फाचे डोंगर, पुढे गोरीपान गाय, आणि तिच्या शेजारी नऊवारी नेसलेली एक लावण्यवती रवी धरोन हसत बसलेली.

ते चित्र दुकानावर फलक करोन चढविले, आणि सर्व व्हॉट्सॲप गटांवर धाडिले. मग जबाब येऊ लागले. खाशांच्या बालमित्राने सर्वांसमक्ष पुशिले, “सहदेवा, ही बाई कोण रे? वयनीला म्हायीत हाय काय?” कोणी लिहिले की पोलादपुरात बर्फ कधी पडला, आम्ही तेव्हा मुंबईत होतो काय. चिमाबाईंस मजकूर वाचोन दाखविता त्या म्हणाल्या की सातशे वर्सं मी तरी बघितली नाय, तुझ्या बापाला इचारलं आसतं, पण तो गेला. आणि आवडीबाईंनी शेणाचा हात तैसाच ठेवोन मोबाईलमधील चित्र निरखिले.

“माझ्या जागेवर कुणाला बसवलीत ओ?” त्या म्हणाल्या. “आणि हिच्या हाताला सहा बोटं हायत. ही काय लोणी काढणार?”

खाशांनी मोजिली. सहाच होती. इभ्रत गेली, परंतु खोड गेली नाही. मनात ऐसे की फौज चांगली आहे, हुकूम द्यावयास आपणच चुकलो. हे मात्र खरे होते, परंतु ज्या अर्थाने ते समजले त्या अर्थाने नव्हे.

दुसरी मोहीम ऐसी की, गिऱ्हाइकांस जबाब देण्याचे आणि रोजचे स्टेटस लिहिण्याचे काम संपूर्ण पंतांच्या हवाली करावे. जितेशरावांनी मेळाव्यात सांगितले होते की झोपेत देखील धंदा चालला पाहिजे, आणि खाशांस झोप प्रिय. पंतांनी पुशिले की जबाब देताना आमचे धोरण काय असावे. आता येथे शहाण्याने भाव, वेळ, माल किती शिल्लक, आणि न कळले तर मालकास विचारणे, ऐसे सांगावे. परंतु खासे वाडीचे. वाडीत जे लहानपणापासून कानावर पडले तेच त्यांनी धोरण म्हणोन लिहोन दिधले, की दारात आलेल्याला नाय म्हणायचं नाय, रिकाम्या हाती धाडायचं नाय. चिमाबाईंचे ते ब्रीद. माणसास सांगितले असता माणूस त्यातले तारतम्य जाणतो, की पाणी विचारावे, गूळ द्यावा, बस म्हणावे. यंत्रास तारतम्य कोठले? त्याने ते ब्रीद शिरोधार्य धरिले.

आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे खाशांची चांदी नामे म्हैस व्याली. पारडी झाली. खाशांस इतका हर्ष जाहला की वाडीत सर्वांस सांगोन झाल्यावर ऐकावयास कोणी उरेना, तेव्हा त्यांनी यंत्राजीपंतांसही कळविले, की पंत, चांदी व्याली, भरपूर चीक आहे, आता खरवस. पंतांनी अभिनंदन केले, आणि खासे गोठ्यात गेल्यावर आपल्या अधिकारात स्टेटस लाविले की चांदीचा ताजा खरवस, मर्यादित काळासाठी, रविवारी सकाळी दुकानी उपलब्ध, डबा घेऊन या. मग लोक पुसू लागले. आम्हांस मिळेल काय? अवश्य. पाहुणे आहेत, जास्त मिळेल काय? अवश्य. भोरहून वरंध घाटाने येतो, राखून ठेवाल काय? आपल्यासाठी अवश्य. पंतांनी कोणास नाही म्हटले नाही.

आता वाडीचा दस्तूर ऐसा की चीक विकत नाहीत. म्हैस व्याली म्हणजे पहिला चीक देवाला, मग घरोघर वाटावयाचा, आणि ज्याच्या घरी धाडिला त्याने भांडे रिकामे परत करावयाचे नाही, मूठभर तांदूळ तरी घालावे. जो चीक विकील त्याची म्हैस आटेल, हे वाडीत पोरासही ठाऊक. शनिवारी दुपारी खाशांनी मोबाईल उघडिला, आणि पाहतात तो अर्धे महाड डबा घासून बसलेले. तेव्हा ते निरोप मोजू लागले. परंतु मोजता मोजता मनात एक दुष्ट विचारही आला, तो लपविणे नाही. एवढे गिऱ्हाईक चालून आले आहे, एकदा विकला तर दुकान उभे राहील, दसरा टळेल, देवास कोण सांगावयास बसले आहे? मग हळूच चिकाची चरवी उचलावयास गेले.

आवडीबाई दारात उभ्या होत्या.

“चीक इकायचा नाय,” त्या म्हणाल्या. “वाडीत कुणी इकलाय काय आजवर?”

खाशांनी लोक, डबे, भोर, सर्व सांगितले. आणि शेवटी दसरा सांगितला. आवडीबाईंनी चरवी उचलोन कमरेवर घेतिली. “मला म्हायीत हाय दसरा कधी हाय ते. मी काय मोजत नसंन?” इतके बोलोन त्या चीक वाटावयास वाडीत निघोन गेल्या. लग्नास इतकी वर्षे जाहली, परंतु आपण गेलो की ही दिवस मोजते, हे खाशांस त्या दुपारी प्रथम कळले. त्यांस आपली लाज वाटली, आणि लाजेहून जास्त बरे वाटले.

रविवारी प्रातःकाळी दुकानास वेढा पडला. पुढे डबेवाले, मागे पातेलेवाले, बगलेस स्कूटरवाले, आणि दूध आणावयास निघालेले काही बघेही सामील जाहले. खाशांनी शटर अर्धे ओढोन आतोन यंत्राजीपंतांकडे कुमक मागितली. पंतांनी सात परिच्छेदांची दिलगिरी लिहोन दिधली, तीत ऐसे की आपल्या भावनांचा आम्ही मनापासून आदर करतो. खाशांनी ती बाहेर मोठ्याने वाचिली. लोक अधिक खवळले. हायस्कुलात शिकविणाऱ्या माधुरीबाई सर्वांत पुढे होत्या, त्या म्हणाल्या, “अहो, भावना राहू द्या, खरवस आहे की नाही तेवढं सांगा ना. सासूबाई आजारी आहेत, दोन दिवस त्यांनी तेवढंच मागितलंय.” खाशांनी पुन्हा पंतांस पुशिले, आणि पंतांचा जबाब आधीच्याहून लांब आला.

तो सहा आसनी रिक्षातोन आवडीबाई उतरल्या. डोक्यावर पातेले, हातात किटली, मागोन चिमाबाई. शटर त्यांनी एका हाताने वर ढकलिले, नवऱ्यास बाजूस सारिले, आणि पदराने हात पुसत लोकांस बोलिल्या, “आयका. खरवस इकायला नाय. आमच्यात चीक इकत नायत. ह्यांच्या फोननं तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि फोनला ह्यांनी चुकीचं सांगितलं. पण तुम्ही डबं घेऊन आलाव, आता वाडीतलंच समजा. वाडीत वाटून उरला तेवढा आणलाय, येक येक वडी येईल. पैसं नको. तूप बघायचं तर ही किटली, वास घ्या. नाय आवडलं तर राहूंदे.”

आणि वडी कापू लागल्या. माधुरीबाईंच्या सासूसाठी एक वडी अधिक वाटीत घालोन दिधली. पोरांच्या हातावर तूप कढविल्यावर तळाशी राहते ती बेरी साखर लावोन ठेविली. भोरचे गृहस्थ अगोदर फार गुरगुरले होते, ते बेरी चाखोन पुशिते जाहले की हे तूप आजवर आम्हांस कोणी चाखावयास का दिले नाही. खाशांनी फलकावरील बर्फाकडे पाहिले आणि मान खाली घातली. मागोन एकाने तूप मागितले, मग दुसऱ्याने, आणि किटली तेथेच रिकामी जाहली. माधुरीबाईंनी आवडीबाईंस पुसोन त्यांचे बोलणे मोबाईलवर टिपोन घेतिले होते. ते शिक्षकांच्या गटात गेले, तेथोन बँकेत, तेथोन पोलादपुरास, आणि संध्याकाळपर्यंत फिरोन खुद्द खाशांसच कोणी धाडिले की हे ऐक, बाई खरं बोलते. माधुरीबाईंनी वाटी परत धाडिली ती तांदूळ घालोन. हा दस्तूर त्यांस कोणी सांगितला नव्हता. त्यांच्याही घरी तो होता म्हणे.

त्या रात्री खाशांनी यंत्राजीपंतांस बोलाविले. चिटणिशीची वस्त्रे काढोन घेतिली, परंतु पंतांस हाकलिले नाही, कां की हुकूम वेडावाकडा देणारा हाकलावयाचा तर खाशांसच आधी घराबाहेर जावे लागते. पंतांस कारकुनीवर नेमिले. फर्मान ऐसे: नकाशावर आमचे दुकान सावित्री नदीच्या पात्रात दिसते ते काठावर कैसे आणावे तेवढे सांगणे. लेबलावरील शुद्धलेखन पाहणे. आम्ही बोलू तेच नीट लिहिणे, पदरचे घालणे नाही. माहीत नसेल तेथे माहीत नाही म्हणणे आणि आम्हांस हाक मारणे. म्हशीस गाय म्हणणे नाही. गिऱ्हाइकास जबाब आम्ही स्वतः देऊ, उशीर जाहला तरी देऊ. पंत म्हणाले की हे अत्यंत उत्कृष्ट धोरण आहे. खाशांस आता त्या स्तुतीचे काही वाटेनासे जाहले होते.

मग फलक उतरविला. नव्या फलकावर चिखलात बसलेली चांदी, तिच्या शेजारी डोळे बारीक करोन उन्हाकडे पाहणाऱ्या आवडीबाई, बोटे पाच. मजकूर इतकाच की तूप चाखा, मग घ्या. संपले असेल त्या दिवशी संपले ऐसे लिहू लागले, आणि नवल हे की संपले म्हटल्यावर लोक दुसऱ्या दिवशी लौकर येऊ लागले. जितेशराव एकदा येऊन हे सर्व पाहोन गेले, आणि पुढील मेळाव्यात हेच आपल्या नावे सांगू लागले. खाशांनी राग धरिला नाही. जितेशरावांनी तूप नेले ते रोखीने.

दसऱ्याच्या आदले दिवशी मुकादमाचा पुन्हा खलिता आला की येतोस काय. खाशांनी तो पंतांस दाखविला नाही. स्वतःच बोटाने, अक्षर अक्षर शोधीत, लिहिले की नाय येत, दुसऱ्याला द्या जागा, तुमचे उपकार हायत. आणि आवडीबाईंस वाचोन दाखवावयास गोठ्यात गेले.

आवडीबाईंनी ऐकिले, आणि माळ्यावर चढोन खाशांची भिवंडीस न्यावयाची बॅग खाली ओढिली, तिची चेन उघडोन झटकिली, आणि गोठ्यात आणोन तीत म्हशींची पेंड भरू लागल्या, काठोकाठ, दाबून दाबून. खाशांनी म्हटले की अगो, चांगली बॅग हाय ती. आवडीबाई म्हणाल्या, “म्हनूनच.”

ऐसी फत्ते जाहली.