मुदतवाढ

मुदत वाढवून देणं हा माझा व्यवसाय आहे. मी ग्रंथपाल आहे. पुस्तक परत करायला विसरलेल्या, वाचूनच न झालेल्या आणि ते चहात बुडवून उन्हात वाळत घातलेल्या, अशा सर्व प्रकारच्या माणसांना मी आजवर मुदत वाढवून दिली आहे. त्यामुळे आई फोनवर "बाबांच्या बॉक्सची मुदत संपलीय म्हणे," असं म्हणाली, तेव्हा मी हसलेच.

"एवढंच ना? रविवारी येते आणि जेवायच्या आत करून देते."

कुठल्या दिवसाचं जेवण ते बोलले नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

बॉक्स म्हणजे बाबांनी निवृत्तीनंतर स्वतः जुळवलेला छोटा संगणक. घरातली यंत्रं त्याच्या आज्ञेत असतात: आईचा टॅब, दारावरची घंटा, गच्चीवरच्या टाकीचा पंप. बॉक्स खराखुरा आहे, तोतया नाही, हे यंत्रांना पटावं म्हणून त्याच्या पोटात एक प्रमाणपत्र असतं. जग अशी प्रमाणपत्रं बाहेरच्या संस्थांकडून घेतं. बाबांचा बाहेरच्या संस्थांवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी घरातच संस्था काढली. अर्ज करणारे बाबा, तो तपासणारे बाबा, सही करणारेही बाबा. मुदत संपत आली की ते नवीन प्रमाणपत्र करून त्यावर सही करत. ती सही ज्या परवलीच्या शब्दाने व्हायची, तो त्यांच्या डोक्यात होता. या उन्हाळ्यात ते गेले. शब्द बरोबर गेला.

आईला ना घंटेचं काही होतं, ना पंपाचं. तिची नजर अधू झाली तेव्हा बाबांनी तिच्यासाठी एक जाडजूड कादंबरी मोठ्याने वाचून बॉक्समध्ये रेकॉर्ड केली होती. ते गेल्यापासून ती रोज दुपारी त्यातलं एक प्रकरण ऐकायची. एकच. पुढचं कितीही ऐकावंसं वाटलं तरी टॅब मिटून ठेवायची. शेवटची थोडी प्रकरणं उरली असताना टॅबने सांगितलं की बॉक्सच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, सबब जोडणी होणार नाही.

"उरलेलं मी वाचून दाखवते की," मी म्हणाले.

"तू छानच वाचतेस गं," आई म्हणाली. "पण तुला मधेच खोकला येत नाही."

तेव्हा रविवारी मी बाबांच्या टेबलाशी बसले. फोनवर दादा होता. तो संगणकातलाच माणूस. राहतो लांब, आणि सुट्टी मिळेपर्यंत येऊ शकत नव्हता.

"आल्यावर मी सगळं नव्यानं बसवतो," तो म्हणाला. "तोवर तू फक्त बघ. मी एक आज्ञा पाठवलीय, ती काळ्या खिडकीत टाइप कर आणि आत काय दिसतं ते मला वाचून दाखव. कशाला हात लावू नकोस."

"बघतेच आहे."

"हात लावू नकोस."

"दादा, मी रोज हजारो पुस्तकं सांभाळते."

"म्हणूनच सांगतोय."

आधी मी प्रमाणपत्राची फाइल तशीच उघडली होती, तर कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी अक्षरं दिसली होती. आता आज्ञा दिल्याबरोबर ती शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी राहिली. पेटी, पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी. प्रत्येक ओळीला चिठ्ठी: आपण कितव्या पेटीत आहोत, आत किती माल आहे, तो आकडा आहे, मजकूर आहे की तारीख. मला भरून आलं. हे तर तालिकीकरण होतं, पुस्तकांच्या नोंदी लावायचं काम! माझं पोट ज्यावर चालतं तेच! एका पेटीत प्रमाणपत्र देणाऱ्याचं नाव होतं: बाबा. दुसऱ्या पेटीत घेणाऱ्याचं नाव: बॉक्स. मुक्काम: पुस्तकांच्या कपाटावर.

मी जरा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. दादाला ती वाचून दाखवली नाही. म्हटलं, "काही नाही, पत्ता आहे. नंतर करते फोन."

आणि मग त्या दिसल्या. दोन तारखा, एकाखाली एक. कधीपासून, कधीपर्यंत. आमच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर असतात तशाच, स्वच्छ आकड्यांत. एवढ्या गूढ पेट्यांमध्ये बाबांनी मुदत उघड्यावर ठेवली होती!

त्या मांजरी अक्षरांची गाठ सोडायची, एक आकडा बदलायचा, गाठ पुन्हा मारायची. त्यासाठीच्या आज्ञा मी शोधून काढल्या.

"तो हात लावू नको म्हणाला ना?" आईने विचारलं.

"एका आकड्याला लावतेय."

मी स्वभावाने उदार आहे. संपण्याच्या वर्षात दशकाच्या जागी दोन होते, तिथे मी तीन केले. बॉक्सला सरळ दहा वर्षं मिळाली. एवढी मुदत मी आजवर कोणत्याही वाचकाला दिलेली नाही. बॉक्स बंद करून सुरू केला आणि टॅब आईच्या हातात दिला.

आईने तो डोळ्यांजवळ नेला. "सही जुळत नाही म्हणतोय. फेरफार झालाय म्हणे. सकाळपर्यंत नुसतं जुनं म्हणत होता गं, आता खोटं म्हणतोय."

तेवढ्यात बाहेर पाण्याचा आवाज सुरू झाला. मला वाटलं, शेजारी झाडांना पाणी घालतायत. मग आईचा फोन वाजला. आमच्या खालीच ज्यांचा दवाखाना आहे ते दंतवैद्य बोलत होते.

"काकू, घाई अजिबात नाही. पण तुमच्या टाकीचं पाणी माझ्या खिडकीतून आत येतंय. खुर्चीवरच्या पेशंटला वाटतंय हा उपचाराचाच भाग आहे."

मी दादाला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. लहानपणापासून तो शांत झाला की मला घाम फुटतो.

"सही त्या सगळ्या अक्षरांवरून तयार होते," तो म्हणाला. "एक बदललंस की ती जुळत नाही."

"पण पंप तर काल चालत होता. मुदत कालही संपलेलीच होती."

"पंपाला घड्याळ नाही. त्याला मुदत कळतच नाही, फक्त सही कळते. आता बॉक्स त्याला थांब म्हणतोय आणि तो म्हणतोय, तू कोण? खोटी कागदपत्रं घेऊन आलेल्याचं तो ऐकत नाही."

"म्हणजे पंप..."

"तुझ्यापेक्षा सरळ आहे. हो."

तोवर आई खाली जाऊन पंपाचा मुख्य खटका पाडून आली होती. मी निमूटपणे तिनाचे दोन केले. सही जुळली, पंप ऐकू लागला. टॅब पुन्हा नुसतं जुनं म्हणू लागला. आदल्या दिवशी आम्ही जिथे होतो तिथेच दिवसभराच्या मेहनतीने मी सर्वांना सुखरूप आणून सोडलं होतं.

बाबांनी सही अशी करून ठेवली होती की त्यांच्यामागे त्यांचा एकही आकडा मला हलवता येऊ नये. मी खुर्चीत बसून राहिले. आई जन्मभर शाळेत गणित शिकवत आली. ती शेजारी स्टूल ओढून बसली.

"मुदत पुढे सरकत नाही?"

"नाही."

"आज काय तारीख आहे हे टॅबला कोण सांगतं?"

"आपणच. म्हणजे तो आपोआप घेतो, पण हाताने घालता येते."

"मग घाल की गेल्या वर्षीची. ही बाजू हलत नसेल तर ती हलवायची."

फोनवरून दादा म्हणाला, "असं करू नये. पण चालेल."

त्या दोन तारखांच्या मधली, गेल्या हिवाळ्यातली एक तारीख मी टॅबला सांगितली. त्याने जराही खळखळ न करता ती मान्य केली. बाबा खाकरले, पान चिकटल्याबद्दल कुरकुरले आणि वाचू लागले. आईने डोळे मिटले.

प्रकरण अर्ध्यावर आलं असेल, तर टॅब टिणटिण वाजू लागला. पडद्यावर पाटी आली: ह्यांची गोळी. बाबा गेल्यानंतरच्या दिवसांची ही आठवण दादाने काढून टाकली होती. मागच्या दिवसांची काढायचं कुणाला सुचणार? मी घाईने ती बंद करायला गेले, तोवर आई सवयीने उठून स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. पाण्याचा पेला घेऊन आली आणि दारातच थांबली. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी पंपाच्या दिशेने बघितलं.

मग तिने पेला माझ्यापुढे धरला.

"पी. सकाळपासून घोटभर घेतलं नाहीस. आणि आता गप्प बस, ते वाचतायत."