टाकीत उतरलेला डकोटा

"चाकं कापली तुम्ही?" मालनबाई पोह्यांची ताटली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"कापली," नामदेवराव भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला चाकं कशाला पाहिजेत?"

"प्रियूनं चिकटवली होती ती. नववीत."

"माहीत आहे ना. म्हणून तर डावं चाक तिरकं होतं."

टेबलावर पालथा पडला होता तो डकोटा, म्हणजे जुन्या काळचं दोन पंख्यांचं मालवाहू विमान, बहात्तरपट लहान केलेलं, प्लॅस्टिकचं. प्रियदर्शिनी नववीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आबिड्सच्या एका दुकानातून त्याचं खोकं आणलं होतं आणि बाप-लेकीनं पंधरा दिवस खपून, बोटं चिकटवून घेऊन, ते जोडलं होतं. तेव्हापासून नल्लकुंट्याच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शोकेसच्या वरच्या फळीवर ते उभं होतं. प्रिया इंजिनियर झाली, कॅनडात व्हँकुव्हरला गेली, चार वर्षं झाली तरी एकदाही आली नाही. विमान मात्र जागचं हललं नव्हतं.

दर रविवारी सकाळी आठला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे शनिवारची संध्याकाळ असायची. जेवलीस का, जेवले, थंडी आहे का, आहे, गोळ्या घेता का, घेतो, असं करत करत बारा मिनिटं व्हायची आणि मग तिघंही हसून एकमेकांकडे बघत बसायचे. एक प्रश्न तेवढा कुणी विचारायचं नाही. दोन वर्षांपूर्वी नामदेवरावांनी तो विचारला होता, "कधी येणार गं?" त्यावर सुट्टी, व्हिसा, नवा प्रोजेक्ट असं काही सांगता सांगता पोरगी एकदम रडायलाच लागली. त्या दिवशी नामदेवरावांनी कानाला खडा लावला. पण न विचारलेला प्रश्न काही मुकाट्यानं निघून जात नाही. लेकीच्या आठवणीनं त्यांचा जीव इतका कासावीस व्हायचा की शोकेस पुसायला म्हणून उठायचे आणि फडकं हातात धरून तिथंच उभे राहायचे.

मागच्या महिन्यात मात्र आक्रीत घडलं. बोलता बोलता प्रियानं फोन खिडकीकडे वळवला. "बाबा, बघा, आमच्या इथं विमानं पाण्यावर उतरतात! चाकांच्या जागी होड्या असतात, फ्लोट म्हणतात त्याला." निळ्या पाण्यावर एक चिमुकलं विमान पांढरी रेघ ओढत गेलं. आणि मग ती म्हणाली, "आपला डकोटा इथं उतरला तर काय मजा येईल ना?"

'आपला' म्हणाली. झालं! नामदेवरावांना तेवढं पुरलं.

नामदेवराव पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. जन्मभर धरणं काढली, कागदावर. त्यांच्या लेखी जगात माणसं दोन प्रकारची, स्केल सांभाळणारी आणि अंदाजपंचे दाहोदरसे करणारी. युद्धाच्या काळात अमेरिकेत खऱ्या डकोटाला फ्लोट लावून पाहिले होते, हे त्यांनी इंटरनेटवरून हुडकून काढलं. त्याचं चित्र मिळवलं, मापं घेतली, सगळ्याला बहात्तरनं भागलं आणि तीन रंगांच्या पेन्सिलींनी नकाशा काढला. निर्मल गावची खेळणी ज्या हलक्या लाकडाची करतात ते पोनिकी लाकूड एका कारागिराकडून आणवलं, आणि महिनाभर तासून तासून दोन सुबक फ्लोट केले. मापात केसाइतकीही चूक नव्हती.

"एकदा बादलीत तरी सोडून बघा," मालनबाई म्हणाल्या होत्या.

"बादलीत? आमच्या खात्यानं कधी धरण बादलीत बांधून बघितलं का? नकाशा बरोबर असला की पाणी आपोआप बरोबर वागतं."

आज मालनबाईंना बादलीची चिंता नव्हतीच. त्यांनी पोह्यांची ताटली टेबलावर आदळली. "एक सांगा, प्रियू आली तर कुठं उतरणार? शमशाबादच्या विमानतळावर. तिथं काय तळं आहे का? चाकंच लागतात की तिथं. अन् तुम्ही चाकंच कापून बसलाव! पोरगी तिकडची झाली, आता विमान बी तिकडचंच करून टाका."

नामदेवरावांनी पोहे खाल्ले, पण नेहमीसारखे मागून घेतले नाहीत.

रविवार उजाडला. बादली नको तर मग विमान उतरवायचं कुठं, हे नामदेवरावांनी आधीच ठरवलं होतं. इमारतीच्या आवारात जमिनीखाली पिण्याच्या पाण्याची मोठी टाकी होती, तिला सगळे सम्प म्हणत. मंजीरा नदीचं पाणी दिवसाआड यायचं, तेव्हा सम्पचा नळ सोडणं, बंद करणं आणि झाकणाला कुलूप लावणं हे काम एकमतानं नामदेवरावांकडे होतं. पाटबंधारे खात्यातला माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाच्या हातात पाणी द्यायचं म्हणजे काय! सोसायटीचा सेक्रेटरी सुरेश रेड्डीसुद्धा सगळ्यांना सांगायचा, "पानी का डिपार्टमेंट अंकल का है."

आज पाण्याचा दिवस होता. पहाटेच सम्प गळ्यापर्यंत भरला होता. आठला पाच कमी असताना नामदेवरावांनी झाकण उघडलं. विमान भांड्यांच्या नव्या साबणानं धुऊन घेतलं होतं, कारण पाणी पिण्याचं होतं आणि नामदेवराव नियमाचे पक्के होते. मालनबाईंनी फोन धरला.

"बाबा, हे काय? तुम्ही खाली कुठं?" पडद्यावर प्रिया आली. डोळ्यांखाली काळं दिसत होतं, आवाज नेहमीसारखा दमलेला.

"बोलू नको. नुसतं बघ."

नामदेवराव गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डकोटा पाण्यावर ठेवला. प्रिया खुर्चीतून पुढे झुकली. "अय्या बाबा! फ्लोट? तुम्ही केले?" तिचा चेहरा असा उजळला की नामदेवरावांनी महिन्याभराचं तासकाम तिथल्या तिथं वसूल झालं असं समजून हात काढले.

डकोटानं एक क्षण विचार केला. मग नाक खाली घातलं, शेपूट वर केली आणि कसलाही आवाज न करता सरळ तळाला गेला.

"बुडालं," मालनबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला!"

"बाबा, काठीनं काढा, काठीनं," तिकडून प्रिया.

मालनबाईंनी कपडे वाळत घालायची काठी आणली. नामदेवरावांनी ती आत खुपसली आणि विमान आपल्याकडे ओढायला गेले, तर ते पलीकडच्या कोपऱ्यात सरकलं. त्या कोपऱ्यात मोटरचा पाइप होता. आणि सव्वाआठला मोटर आपोआप चालू होऊन गच्चीवरच्या रिकाम्या झालेल्या टाकीत पाणी चढवत असे. हा टायमर बसवून घेण्याचा ठराव बैठकीत मांडला होता नामदेवरावांनीच.

मोटर घुरघुरली. डकोटा उठला, पंख पसरून पाइपच्या तोंडाला चिकटला आणि मोटरचा आवाज दम लागल्यासारखा झाला. नामदेवराव धावत जाऊन बटण दाबेपर्यंत पंख पक्का अडकून बसला होता.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. जामबागच्या शाळेत शिकवणाऱ्या अनुराधाबाईंचं डोकं बाहेर आलं, फेसानं भरलेलं. "नामदेवकाका, नळ गेला की हो! माझ्या डोळ्यात शिकेकाई जाऊन राहिली!"

"दोन मिंट थांबा, जरा विमान अडकलंय!"

"काय अडकलंय?"

सुरेश रेड्डी बनियनवरच खाली आला. त्यानं सम्पमध्ये बघितलं, मग नामदेवरावांकडे बघितलं, मग पुन्हा सम्पमध्ये. "अंकल, पीने के पानी में हवाई जहाज डालते क्या?"

"साबणानं धुतलंय मी."

"अय्यो रामा! धुलाके डाले तो चलता क्या?" रेड्डीनं कपाळावर हात मारला. "अब मोटर चलाए तो जलती. पाइप निकालना है तो पूरा सम्प खाली करना पडता."

पूर्ण सम्प रिकामा करायचा! परवापर्यंत दुसरं पाणी येणार नव्हतं. मंजीराचं पाणी गटारात ओतायचं म्हणजे घोर पाप, असं इमारतीतल्या प्रत्येकानं वेगवेगळ्या भाषेत सांगितलं. शेवटी ठरलं की ज्यानं त्यानं आपापल्या घरची भांडी आणायची आणि पाणी वर न्यायचं. पाच मिनिटांत बादल्या, कळशा, पिंपं, कुकर, कुणाचं तरी नव्या लग्नातलं स्टीलचं घंगाळ, सगळं आवारात हजर झालं. रांग लागली. नामदेवराव शरमेनं अर्धे झाले होते. खाली मान घालून ते दोरीनं बादली ओढत होते आणि मनात एकच होतं, पोरीला एक बरी गोष्ट दाखवायला गेलो आणि तिच्यासमोर हसं करून घेतलं.

फोन मालनबाईंनी जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवला होता. तो बंद करायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. बादली घेऊन जिना चढणारा प्रत्येक माणूस मग तिथं थांबायला लागला.

"अरे, प्रिया बेटा! पहचानी क्या? दुबली हो गई रे तू!"

"प्रियू, हे केस कधी कापलेस? बरे दिसतात," ओल्या डोक्याला पंचा गुंडाळून अनुराधाबाई म्हणाल्या. "तुझे बाबा बघ, आम्हाला रविवारी धुऊन काढलं!"

प्रियाला आधी हसू आवरेना, मग बोलायला जागा मिळेना, मग तिनं जेवणाचं ताट आणलं आणि ताट मांडीवर घेऊन बघत बसली. मधूनच ओरडायची, "रेड्डी अंकल, हल्लू! पंख तुटेल!" मधूनच मोबाइलवर हिशेब करून सांगायची, "बाबा, तुमचं माप एकदम करेक्ट आहे. तिथंच घोळ झाला. लांबी बहात्तरपट कमी केली, तर वजन बहात्तर गुणिले बहात्तर गुणिले बहात्तर इतकं कमी पाहिजे. आपला डकोटा त्याच्या पाचपट जड आहे. फ्लोट त्या मानानं मोठे करायला पाहिजे होते."

"म्हणजे स्केल सोडायचं?" नामदेवराव दोरी धरूनच दुखावल्या आवाजात म्हणाले.

"थोडं सोडायचं, बाबा."

दहा वाजता गुडघाभर पाणी राहिलं तेव्हा रेड्डी शिडी लावून आत उतरला. थोडा वेळ नुसता खडखडाट आला. मग त्याचा हात वर आला, हातात डकोटा. एक फ्लोट गायब, एक पंख वाकलेला.

"लो अंकल," आतून आवाज आला. "लँडिंग हो गई."

सगळ्या आवारात हशा झाला. टाळ्यासुद्धा वाजल्या. नामदेवरावांनी विमान घेतलं, पंच्यानं पुसलं आणि जिन्यापाशी आले. पडद्यावर प्रिया डोळे पुसत होती, हसून हसून.

"बाबा, दोन तास झाले. माझं जेवण झालं, अंधार पडला इथं, कळलंच नाही." तिनं ताट बाजूला ठेवलं. "किती दिवसांनी इतकी हसले मी. इथं कुणी बादली घेऊन माझ्याजवळ थांबत नाही हो. बरं, पुढच्या रविवारी काय बुडवणार?"

नामदेवरावांनी तोंड उघडलं. गंमत करायचं त्यांच्या मनात होतं. पण दोन वर्षं विचारायचं टाळलेलं जे होतं, तेच बाहेर पडलं.

"तू ये. मग दोघं मिळून ठरवू."

मालनबाईंनी त्यांचा दंड धरला. आता पोरगी रडणार, आता फोन बंद होणार, असं दोघांच्याही मनात आलं. प्रिया खाली बघत होती. काहीतरी बोटानं सरकवत होती.

"आवाज गेला वाटतं," मालनबाई कुजबुजल्या.

"थांब गं आई," प्रिया मान वर न करता म्हणाली. "माझ्या सुट्ट्या बघतेय."

वरून कुणीतरी ओरडून विचारलं, मोटर लावायची का. नामदेवरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि विमान मांडीवर घेऊन पायरीवर बसले.