ठमाजी मास्तरांचा इंग्रजीचा तास

मुलांनो, एका जंगलात ठमाजी नावाचे बोकड राहत. त्यांना भलीमोठी दाढी होती आणि थोडं इंग्रजी येत होतं. दाढीमुळे ते थोडंसुद्धा बरंच वाटे. जंगलात सगळे त्यांना मास्तर म्हणत. आपण विद्वान आहोत, असं मास्तरांनाही वाटू लागलं होतं.

त्या जंगलात जीपमधून परदेशी पाहुणे येत. ते काय बोलतात हे ढाण्याराव वाघांना कळेना. त्यांनी मास्तरांना शिकवणीला बोलावलं.

"जाऊ नका हो," बायको म्हणाली.

"अगं, विद्यार्थी गुरूला खातो का कधी?" मास्तर हसून म्हणाले आणि दाढी विंचरून निघाले.

पहिला धडा नामांचा होता.

"टायगर म्हणजे वाघ. हे सामान्यनाम," मास्तर म्हणाले.

"मी सामान्य?" ढाण्याराव गुरगुरले.

"छे छे! महाराजांचं ढाण्याराव हे विशेषनाम. सामान्य आम्ही. गोट!"

वाघ खूश झाला. मास्तरांना हुरूप आला. समूहवाचक नाम झालं. मग पदार्थवाचक आलं. उदाहरण नेहमी जवळचं द्यावं, असा मास्तरांचा आग्रह असे.

"सोनं, दूध, मटण..." ते बोलून गेले.

वाघाचे कान टवकारले.

"मास्तर," वाघ ओठ चाटत म्हणाला, "गोटचं मटण कसं होतं, ते करून दाखवा ना."

मास्तरांची दाढी थरथरू लागली. एवढं शिकून आपण बोकडच राहिलो, हे त्यांना त्या क्षणी नीट समजलं.

"दाखवतो, महाराज. पण भाववाचक नाम राहिलंय. ते आलं नाही, तर पाहुण्यांसमोर आपलं हसं होईल."

"बरं, आटपा. उदाहरण द्या."

"भीती."

"ती कशी असते?"

"दिसत नाही. हात लावता येत नाही. पण पाय लटपटतात."

वाघाने पुष्कळ विचार केला. "काही कळलं नाही बुवा."

"अवघडच आहे ते," मास्तर घाईने म्हणाले. "उद्या पुन्हा घेऊ."

तेव्हापासून भाववाचक नामाचाच तास चालू आहे. वाघाला थोडं समजतंय असं दिसलं, की मास्तर आणखी एक अपवाद सांगतात. जंगलात त्यांच्या चिकाटीचं फार कौतुक होतं.

तात्पर्य : विद्यार्थ्याला सगळं समजेल असं कधीही शिकवू नये. शिक्षकाच्या जिवाला धोका असतो.