सव्वाचार काठ्यांचा दिवाणखाना

सासऱ्यांच्या दिवाणखान्यातली जुनी फरशी पायाखाली वाजायला लागली होती. जावई चहा पिता पिता सहज म्हणून गेला, "बाबा, मी बसवून देतो की नवी." एवढंच. चहा पिताना माणसाने तोंड चहापुरतंच उघडावं, हे त्याला नंतर कळलं.

फरशी बसवणं हा त्याचा धंदाच. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण टेप आणि हातोडी हातात आली की गडी कुणाला हार जायचा नाही. सासऱ्यांपुढे मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. सासरे निवृत्त मोजणीदार. सगळा जन्म जमिनी मोजण्यात आणि जुनी दप्तरं चाळण्यात गेलेला. लग्नाच्या वेळी ते म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे. शिकला असता तर आणखी चांगला असता." तीन वर्षं झाली, जावई अजून त्या 'तर'मध्येच अडकून होता. ही फरशी बसवून तो त्यातून सुटणार होता.

त्याने टेप लावला. "पाच बाय पाच. पंचवीस चौरस मीटर, बाबा."

सासऱ्यांनी चहात मीठ पडल्यासारखं तोंड केलं. "आमच्या घरात मीटर फक्त विजेचा. काठीत सांगा, जावईबापू."

काठी म्हणजे पाच हात आणि वर पाच मुठी. तेवढ्या लांबीरुंदीची एक चौरस काठी. अशा वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. हे सगळं सासऱ्यांनी त्याला वहीत लिहून दिलं. शिवाय खाली एक ओळ, 'एक चौरस काठी म्हणजे सव्वाआठ चौरस मीटर' अशी. "तुमच्यासारख्यांच्या सोयीसाठी," ते म्हणाले.

जावई दुपारभर वही घेऊन बसला. फोनवर विचारावं म्हटलं, तर फोनने बिघ्याची सात वेगवेगळी मापं काढून दाखवली आणि 'तुमचा बिघा कोणता?' असं उलट त्यालाच विचारलं.

"अहो, झालं का?" बायकोने विचारलं.

"तीन काठ्या आणि चिमूटभर."

"आणि बिघ्यात?"

"बिघ्यात गेलो तर दिवाणखाना शोधायला भिंग लागेल."

'तीन काठ्या' ऐकून सासरे नुसते हसले. आत गेले आणि कपाटामागून नोकरीतला जुना वेळू काढून आणला. बरोब्बर एक काठीचा. गुडघे टेकत, कण्हत त्यांनी खोली मोजली. "लांबीला दोन काठ्या आणि वर वीतभर. रुंदीला तेवढंच. सव्वाचार झाल्या की हो! गुणा सव्वाआठने. पस्तीस मीटर!"

"बाबा, पण टेप..."

"टेप गुंडाळी होऊन बसतो. जो सरळ उभा राहत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये."

जावयाच्या हिशेबाने फरशीच्या एकोणीस पेट्या लागत होत्या. सासऱ्यांनी सव्वीस मागवल्या.

सासरे आडवे झाल्यावर जावयाने गुपचूप त्या वेळूलाच टेप लावला. भरला दोन मीटर चाळीस. वहीतल्या काठीपेक्षा हातभर कमी! तो तसाच विचार करत स्वयंपाकघरात गेला. तिथे सासूबाई बादलीतलं भिजत घातलेलं धुणं एका दांडक्याने ढवळत होत्या. दांडका वेळूचा. हातभर.

जावयाने दांडक्याकडे पाहिलं. सासूबाईंनी दांडका पाठीमागे लपवला.

"कपाटामागे मावत नव्हता हो तो," त्या हळूच म्हणाल्या. "घेतली करवत. अकरा वर्षं झाली."

"आणि बाबांना?"

"त्यांना कळलं तर पुढची अकरा वर्षं मी ऐकत बसेन. माझी शपथ आहे तुम्हाला, जावईबापू."

झालं! एकीकडे सासरा, एकीकडे सासू, मध्ये हा, आणि त्याचा टेप खरा असून खोटा.

चार दिवसांत फरशी बसली. सात पेट्या उरल्या. दुकानदार उरलेला माल परत घेत नव्हता. आता आभाळ कोसळणार म्हणून जावई मान खाली घालून उभा राहिला. सासऱ्यांनी पेट्या दोनदा मोजल्या. कोपरे तपासले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"सव्वाचार काठ्या, आणि एकोणीस पेट्यांत? अहो, जन्मभर मोजण्या केल्या, पण कमी फरशीत एवढी जागा झाकणारा माणूस नाही पाहिला!" आणि त्यांनी चक्क त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तीन वर्षं वाट पाहिलेला हात! बोलावं तर शपथ आडवी. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "हात बसला की जमतं, बाबा." (हे वाक्य मात्र त्याच्याकडून कुणी वदवून घेतलं नव्हतं.)

उरलेल्या सात पेट्या सासऱ्यांनी लगोलग स्वयंपाकघरात बसवून घेतल्या. कुणाकडून, ते सांगायला नको.

पंधरा दिवसांनी सासऱ्यांच्या धाकट्या भावाचा निरोप आला. हे काका मीटरवाले. त्यांनी आपली बैठकीची खोली यंत्राने मोजली होती. खरीखुरी पस्तीस मीटर, म्हणजे पेट्या लागणार सव्वीस. जावई सासू-सासऱ्यांबरोबर तिथे पोचला तेव्हा दारात पेट्या रचलेल्या होत्या. त्याने मोजल्या. एकोणीस.

"काका, बाकीच्या?"

"दादा म्हणाला, पस्तीस मीटरला तुम्हाला एकोणीस पुरतात. दुकानातला शेवटचा माल होता, आता या रंगाची येणार नाही म्हणे."

 जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. शेवटी त्याने सगळा धीर गोळा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बाबा, खरं सांगतो. मला हे येत नाही. कुणालाच येत नाही."

 सासऱ्यांचे डोळे पाणावले.

"पाहिलंस?" ते भावाला म्हणाले. "केवढी कला, आणि केवढा विनय! शिकला असता तर बिघडला असता रे."

मग त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "हं, जावईबापू. करा सुरुवात. मी बघतोय."