हळदीचं पीस खाली

शेवंताक्का ओट्यावरून पीस सोडते तेव्हा कुणी खोकायचं नाही, असा आमच्या अंगणाचा नियम आहे. पंखा बंद, कुत्रा बांधलेला, आणि चहावर फुंकर मारणाऱ्यांनी कप खाली ठेवायचा. अक्का दोन बोटांत पांढरं पीस धरते, हात डोक्याच्या वर नेते आणि सोडून देते. ते गिरक्या घेत खाली येतं. गिरकी कुठल्या अंगाला आहे ते बघून अक्का निकाल देते, "डावं," किंवा "उजवं," आणि पीस दोन सुपांपैकी एका सुपात जाऊन पडतं. एकदा बेंगळूरच्या एका साहेबांना ऐन वेळी शिंक आली. ते पीस तर बाद झालंच, वर साहेब निघेपर्यंत अक्का त्यांना 'शिंकणारं पावणं' म्हणत होती. जाताना बिचारे माझी माफी मागून गेले.

ही सगळी उठाठेव बाणांसाठी. त्याचं असं झालं, की मी बेळगावची नोकरी सोडून गावी आलो आणि घरामागं चार खोल्या बांधून होमस्टे काढला. कुळगीच्या जंगल-कॅम्पात जागा मिळाली नाही की लोक तोंड पाडून आमच्याकडे येतात. त्यांची तोंडं वर यावीत म्हणून मी एक क्रॉसबो आणला. म्हणजे आडवं धनुष्य. बंदुकीसारखा दांडा, त्यावर आडवी कमान, दांड्यातल्या खाचेत आखूड बाण ठेवायचा आणि घोडा ओढायचा. समोर भाताच्या पेंढ्यांची भिंत, तिच्या मधोमध लाल ठिपका. बाणांच्या शेपटीला प्लॅस्टिकची तीन-तीन पाती होती. आमच्या जोयड्याच्या पावसापुढं त्या पात्यांच्या गोंदाचं काही चाललं नाही, पहिल्याच श्रावणात सगळी गळून पडली. मला वाटलं, दांडी शाबूत आहे ना, मग झालं. तसाच मारलेला बाण पेंढ्या सोडून, कुंपण ओलांडून शेजारच्या परसात गेला.

शेजारी शेवंताक्का राहते. वय साठीच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात ती आणि पाच बदकं. चांगली मोठी, पांढरीशुभ्र. पाहुणे त्यांना हंस म्हणतात, अक्का बदकंच म्हणते. त्यांच्यातल्या नराचं नाव तिनं 'तलाठी' ठेवलं आहे, कारण तो प्रत्येक दारात जाऊन चौकशी करतो आणि काहीतरी घेतल्याशिवाय हलत नाही. तर अक्का माझ्या दारात उभी राहिली ती एक मोठा भोपळा घेऊन, आणि भोपळ्यात माझा बाण. मी शिव्या खायची तयारी केली. अक्कानं बाण उपसला, शेपूट डोळ्याशी धरलं आणि विचारलं, "ह्येची पिसं कुनी खाल्ली?"

दुसऱ्या दिवशी ती तीन बाण घेऊन आली. प्रत्येकाला बदकाची तीन पिसं, कात्रीनं कापलेली, डिंकानं चिकटवलेली, वर शिवणाच्या दोऱ्याचे वेढे आणि पावसासाठी मेणाचं बोट. तिन्ही बाण पेंढ्यांत गेले. मी थक्क होऊन विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाली, "चाळीस वर्सं सुपानं भात पाखडलंय. वारा मला कळतोय. बाणाचा वारा काय येगळा असतोय व्हय?"

मी तरीही शहाणपणा केला. बेळगावहून नवी, महागाची पाती मागवली. अक्कानं त्यातलं एक पातं ओट्यावरून सोडलं. ते टप्पकन खाली पडलं. "हे पडतंय," ती म्हणाली, "उतरत न्हाई." आणि पाकीट मला परत दिलं. ते अजून माझ्या कपाटात आहे, आणि त्याविषयी आमच्यात बोलणं होत नाही.

अक्काचे कायदे कडक आहेत. एका बाणाला लागणारी तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत, सगळी डाव्या नाहीतर सगळी उजव्या. भेसळ केली की एक पीस बाणाला इकडं फिरवतं, दुसरं तिकडं. "अंग जुळलं पायजे," हे तिचं पालुपद. पीस आपोआप गळलेलं हवं, उपटलेलं चालत नाही. एका पाहुण्यानं रानातून मोराचं पीस आणलं, तर अक्कानं त्याला तसंच मागं धाडलं, "ते रानाचं. जिथनं उचललंस तिथं ठेवून ये." नवशिक्याला लांब पिसांचा बाण, कारण लांब पीस बाणाला पटकन सरळ करतं. हात बसलेल्याला आखूड, वेगाचा. कोण नवशिका ते ती तळहात बघून ठरवते. एका व्यायामवाल्या तरुणाला तिनं सगळ्यांदेखत सर्वांत लांब पिसांचा बाण दिला, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आणि सर्वांत मोठा कायदा तिसऱ्या पिसाचा. तीनातलं एक पीस ती हळदीत रंगवते. बाण ठेवताना ते खाली, दांड्याच्या खाचेत बसलं पाहिजे, म्हणजे पांढरी दोन मोकळी राहतात. उलटं ठेवलं तर पांढरी दोन्ही दांड्यावर घासतात आणि बाण उसळून कुठंही जातो. म्हणून प्रत्येक नेमाच्या आधी अक्का ओट्यावरून ओरडते, "हळदीचं खाली, पांढरी वर!" अक्काला कन्नड छान येतं, पण हे वाक्य ती मराठीतच ओरडते. हुबळीचे पाहुणे ते पाठ करून जातात.

आता तिच्या भावाविषयी सांगतो. दत्तूअण्णा तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा, बसचा कंडक्टर होता, आता निवृत्त. बायको गेल्यापासून रामनगरात एका खोलीत एकटाच राहायचा. अक्का त्याला 'तम्मा' म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. आमच्याकडे अर्धी नाती कन्नडातून येतात. दर आइतवारी तो बसनं जोयड्याला यायचा, तिथून माणशी भाड्याच्या वडाप जीपनं आमच्या गावात. बहिणीकडे भाकरी आणि सुकटाची चटणी खायची, दुपारी तीन बाण मारायचे, संध्याकाळच्या जीपनं परत. नेम धरून झाला की तो घंटी ओढल्यासारखा हात झटकायचा, म्हणायचा "राईट!" आणि मग घोडा ओढायचा.

त्याचा मुलगा संजू पुण्यात असतो. वडिलांनी आपल्याकडे राहावं म्हणून तो सारखा मागं लागलेला. अडीच-तीन वर्षांपूर्वी दत्तूअण्णा आमच्या अंगणात क्रॉसबो घेऊन उभा असतानाच त्याचा फोन आला. अण्णाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. तो म्हणाला, "लाल ठिपक्याला बाण लागू दे, त्याच आठवड्यात पुण्याला येतो. उळवीच्या देवाची आण." बोलायला बोलून गेला, पण उळवीच्या देवाची आण म्हटल्यावर ते हसण्यावारी नेता येईना. तेव्हापासून दर आइतवारी संजूचा फोन, "बाबा, लागला का?"

लागत नव्हता. पुण्यामुंबईची पोरं पहिल्या तासात ठिपका गाठायची, आणि दत्तूअण्णाचा बाण सरळ निघून अर्ध्या वाटेत शेपूट हलवत पेंढ्यांच्या कडेला जाऊन बसायचा. अक्का म्हणायची, "हात हालला तुझा." तो म्हणायचा, "व्हय, हालला." अक्का म्हणायची, "डोळ्यात मोतीबिंदू असंल." तो म्हणायचा, "असंल की." आणि दोघं चहाला बसायची.

दत्तूअण्णाचे बाण वेगळे होते. दांडीला लाल दोरा, ठेवायला वेगळा फरसाणाचा डबा. "भावाचं हाय, तू हात लावू नकोस," अशी मला ताकीद. मला वाटायचं, बहिणीची माया, निवडक पिसं त्याला देत असेल. एकदा बाण कमी पडले म्हणून मी तो डबा उघडला. बाण फिरवून बघितला. दोन पिसं डाव्या पंखाची, एक उजव्या. दुसरा बाण, तसाच. तिसरा, तसाच. जिनं शिंकेवरून पीस बाद केलं, तिच्या हातची ही भेसळ! मला वाटलं, अक्काची नजर गेली. मी तिच्याकडे जाऊन हळूच म्हटलं, "अक्का, दत्तूअण्णाच्या बाणांत चूक झालीय."

ती बदकांना भाताचा कोंडा घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चूक न्हाई." उरलेला कोंडा तिनं एकदम ओतून टाकला. म्हणाली, "त्यो पुन्याला गेला तर आइतवारी मी कुनासाठी भाकरी थापू रे?"

मी डबा होता तिथं ठेवून दिला. तलाठ्यानं त्याच वेळी माझ्या पोटरीला चावा घेतला, म्हणून ओरडायला तरी निमित्त मिळालं.

गेल्या दिवाळीनंतर संजू स्वतःच आला, वडिलांना घेऊन. फोनवर एरवी हसत विचारायचा, या वेळी तो हसत नव्हता. ओट्यावर बसून म्हणाला, "आत्या, बाबा मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून पडले होते. सकाळी पडले, दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. मला ते शेजाऱ्यांकडून कळलं. आता तूच सांग त्यांना."  दत्तूअण्णानं हे बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

अक्का उठली आणि दोन्ही सुपं घेऊन बसली. सगळी दुपार ती पिसं सोडत होती. सात-आठ बाद केली. मी समोरून बघत होतो. तिनं एकाच सुपातून तीन पिसं घेतली, उजवी, जुळी वाटावीत अशी. एक हळदीत बुडवून वाळवलं. कापली, चिकटवली, मेण लावलं. लाल दोरा गुंडाळताना मात्र तिचा हात मध्येच थांबला. मग तिनं दातानं दोरा तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो एकच बाण भावाच्या हातात दिला. "आज ह्यो मार."

संजू पेंढ्यांच्या बाजूला मोबाइल घेऊन उभा होता. दत्तूअण्णानं बाण फिरवला, पिसांवरून अंगठा नेला आणि अगदी हळू म्हणाला, "अक्का, आज एका अंगाची लावलीस व्हय?"

अक्का दचकली. मीही.

"दोन वर्सं मी काय आंधळा व्हतो?" तो म्हणाला. "अंधारात हातानं खोटी नोट वळखणारा मानूस मी. मला पीस वळखू येत न्हाई?"

"तुला ठावं व्हतं?"

"पयल्या आइतवारापास्नं."

"मग बोलला न्हाईस?"

"कशाला बोलू? भाकरी चांगली मिळत व्हती की."

अक्कानं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आता मार. लागू दे. तिकडं पोरगं तरी हाय जवळ."

दत्तूअण्णानं क्रॉसबो उचलला, खाचेवर बाण ठेवला. मी बघितलं, अक्कानंही बघितलं. हळदीचं पीस वर होतं. ऊन पडून चांगलं पिवळंधमक दिसत होतं. अक्कानं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतक्या वर्षांत ते वाक्य न ओरडता सुटलेला हा पहिला बाण.

"राईट!"

बाण उसळला, पेंढ्यांच्या वरून गेला आणि मागच्या बांबूंच्या बेटात शिरला. पाचही बदकं एकदम कोकलली. गल्लीतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली.

"न्हाई लागला बाबा," दत्तूअण्णा लेकाला म्हणाला. "आण घेतलीया, मी तरी काय करू? खरं आठवड्यातनं एक दिवस सराव करून कुठं लागतोय? रोज पायजे. रामनगरची खोली सोडतो. अक्काची मागली खोली रिकामीच हाय. आनि पडायची काळजी करू नकोस, हितं नुसतं घसरलो तरी ही बदकं गाव गोळा करत्यात. बघितलास न्हवं आत्ता?"

संजूनं वडिलांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. तो शेवटी खोटी नोट ओळखणाऱ्या कंडक्टरचाच मुलगा. हसायला लागला आणि मोबाइल खिशात घातला.

"हळदीचं खाली म्हनून किती डाव सांगितलं रे तुला, मेल्या," अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं लपवलंही नाही. मग भाकरीचं पीठ वाढवायला आत गेली.

आता दत्तूअण्णा इथंच असतो. फरसाणाचा डबा मी परवा मुद्दाम उघडून बघितला. सगळे बाण एका अंगाचे, सगळ्यांत सुरेख पिसं त्याचीच. तो रोज संध्याकाळी एक बाण मारतो, हळदीचं वर ठेवून, आणि मग दोघं भावंडं बाण शोधायला बांबूंच्या बेटात जातात. आइतवारी संजूचा फोन येतो. दत्तूअण्णा स्पीकर लावतो, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"बाबा, लागला का?"

"न्हाई रे. खरं आज लई जवळनं गेला."

आणि चुलीपाशी बसलेली अक्का आतूनच ओरडते, "हात हालला त्येचा!"