अण्णांचा वाढप्या

अण्णांचं दार वाजवलं की खिडकीतून त्यांचं तोंड दिसतं, ओळखीचं हसूही दिसतं, आणि तरी आतून आवाज येतो, "पयले नाव सांगा, मंग मजार या." मजार म्हणजे आत. मी बावीस वर्षं त्यांच्या समोरच्या घरात राहतो, तरी मला नाव सांगावं लागतं. त्यांची सख्खी बहीण शहाद्याहून आली तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून "मी सुमन" म्हणते. एकदा मांजर आलं, तर अण्णांनी त्याच्या वतीने स्वतःच नाव सांगितलं आणि मग त्याला आत घेतलं.

आमचं गाव म्हसावद. अण्णा इथले जुने व्हिडिओ शूटिंगवाले. खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेऊन त्यांनी पंचक्रोशीतली शेकड्यांनी लग्नं काढली. स्वतःचं मात्र केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "इतला लगीन देख्यात, मन भरी गयं." आता साठी उलटून गेली, शूटिंग बंद, एकटेच राहतात.

आणि मी? मी शाळेत विज्ञान शिकवायचो. शाळेत संगणक आले तेव्हा तेही माझ्याच गळ्यात पडले. अर्ध्या गावाला माउस धरायला मी शिकवलं. पण पिकतं तिथं विकत नाही. गावात कुणाचं काही अडलं की लोक माझ्या दारावरून चालत अण्णांकडे जातात. मला राग येतो हे मी लपवत नाही.

निवृत्तीनंतर अण्णांनी एक उद्योग केला. ज्यांच्या ज्यांच्या घरी लग्नाच्या कॅसेट होत्या त्या गोळा केल्या आणि सगळ्या संगणकात उतरवल्या. आतल्या खोलीत दोन डिस्कची एक काळी पेटी, तिचं नाव कोठार. टीव्हीखाली जुना संगणक, त्याचं नाव वाढप्या. अण्णा प्रत्येकाला समजावून सांगतात, "माल कोठारमा. वाढप्या तठून आनस आन् टीव्हीवर वाढस. तुम्हीन फक्त जेवा." एवढं साधं वर्षभर वर्गात सांगूनही माझ्या पोरांना कळलं नव्हतं. अण्णांचं ते शेजारच्या म्हाताऱ्यांनाही कळलं. हे मला जास्त लागलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधलेले असतात, पण पोरी आधी अण्णांच्या ओट्यावर. कुणाला आईचं लग्न बघायचं असतं, कुणाला आत्याचा शालू. माझी स्वतःची मुलगी पुण्याहून आली, पिशवी दारात टाकली आणि घोटभर पाणीही न पिता समोर पळाली. दोन तासांनी आली ती अण्णांचं कौतुक करत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पण माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. माझंच लग्न.

तेही अण्णांनीच काढलं होतं. त्याची एकुलती एक कॅसेट माझ्या कपाटात, सर्टिफिकेटांच्या फायलीखाली होती. अण्णा दर आखाजीला विचारायचे, "सर, ती कॅसेट सापडनी का?" मी दर आखाजीला सांगायचो, "अजून नाही." अख्ख्या गावाची लग्नं त्यांच्या कोठारात, माझं तेवढं नाही, याचं मला समाधान होतं. एकदा ते म्हणाले, "एकडाव देखाले तरी द्या." मी विषय बदलून पावसावर आणला. त्यांचं तोंड उतरलं ते मला दिसलं होतं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बायकोला मात्र ती कॅसेट हवी होती. तिचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. ते हलताना, बोलताना असतील ते फक्त त्या कॅसेटमध्ये. मी म्हटलं, "अण्णा कशाला? मीच दाखवतो." नंदुरबारला जाऊन कॅसेट उतरवून आणली. अण्णांच्यापेक्षा मोठी पेटी घेतली, अण्णांच्यापेक्षा नवा संगणक घेतला. आणि बायकोच्या दोन्ही बहिणींना सांगून टाकलं की या आखाजीला तुमचे वडील आमच्या टीव्हीवर.

चार दिवस खटपट केली. माझ्या मोबाइलवरून पेटी उघडायची, लग्न दिसायचं. टीव्हीवर मात्र रिकामा चौकोन. पासवर्ड बदलला, वायर बदलली, पेटीची जागा बदलली. पाचव्या दिवशी मेव्हण्या येऊन बसल्या, चहा झाला, तरी चौकोन रिकामाच. बायको म्हणाली, "मन्हा बाप माले देखाले भेटी का नही?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता रस्ता ओलांडून गेली.

अण्णा आले. माझ्या उघड्या दारात थांबून म्हणाले, "अण्णा शे, सर. येऊ का?" मेव्हण्या हसल्या. मी हसलो नाही.

पेटी कुणाकुणाला उघडते, ती यादी त्यांनी पाहिली. तिथे एकच नाव होतं, माझं. "सर, कोठीनी चावी तुमनाकडे. वाढप्या बाहेर रिकामं ताट लिसन उभा शे. त्याले कोन वळखस तठे?"

लग्नात कोठीवर बसणारा माणूस नाव ठाऊक असल्याशिवाय वाढप्याच्या हाती बुंदीची टोपली देत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पण घरात सगळं माझंच, मग संगणकाला वेगळी परवानगी कशाला, असं मी धरून चाललो होतो. अण्णांनी पेटीत संगणकाच्या नावाने नवं खातं काढलं, त्याला लग्नाच्या फोल्डरची परवानगी दिली, तीही फक्त बघण्याची. "पुसानी नको. वाढप्यानं वाढानं, कोठी रिकामी करानी नही." संगणकात ते नाव भरलं. पाच मिनिटं लागली असतील. रिकाम्या चौकोनात माझं लग्न आलं.

अण्णा उठले नाहीत. दाराजवळ भिंतीला टेकून बसले.

सासरे दिसले तशी बायको रडायला लागली. मग पंगत सुरू झाली. थोड्या वेळाने चित्र एकदम खाली आलं आणि स्थिरावलं. कुणीतरी कॅमेरा चालूच ठेवून धान्याच्या पोत्यावर ठेवला होता. समोर पंगतीच्या टोकाला एक किडकिडीत तरुण मान खाली घालून जेवत होता. माझे सासरे स्वतः त्याच्यापुढे उकिडवे बसले, त्याच्या ताटातली बट्टी हाताने चुरली, वरण ओतलं, वरून तुपाची धार धरली. "खाय रे पोऱ्या. कॅमेरा काय पळी जाई का? आज तू बी पाव्हना शे." दोनच मिनिटं. मग त्या तरुणाला कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला आणि तो उष्ट्या हाताने धावला.

"हे अण्णा?" धाकटी मेव्हणी म्हणाली.

अण्णा टीव्हीकडेच बघत होते. "सर्वासन्या पंगता मी काढ्यात. जेवाले मी शेवट, मांडव सोडाना टाइमले. मन्ही पंगत हाई एकच."

"अहो, मग सांगायचं ना मला!"

"लाज वाटनी, सर."

मला काय वाटलं ते सांगतो. आधी शरम वाटली. मग, खरं सांगायचं तर, पुन्हा हेवाच वाटला. सासरा माझा, लग्न माझं, आणि सासऱ्यांनी मला काही बट्टी चुरून वाढली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी अण्णांच्या वाढप्याला माझ्या पेटीची परवानगी दिली. आमचं वायफाय त्यांच्या घरात पोचतं. अण्णा म्हणाले, "सगळं नको. तेवढंच द्या." मी ती दोन मिनिटं वेगळी काढून दिली.

माझी पेटी कुणी काय उघडलं याची नोंद ठेवते. मला चौकशीची खोड आहेच, म्हणून आठवड्याने पाहिली. रोज एकच ओळ होती. दुपारी सव्वा वाजता, अण्णांचा वाढप्या, ती दोन मिनिटं. सव्वा वाजता अण्णा जेवायला बसतात. त्यांच्या ताटाचा आवाज आमच्या ओट्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी रस्ता ओलांडून त्यांना घेऊन आलो. बायकोने वरण-बट्टी केली होती. मी अण्णांच्या ताटातली बट्टी चुरायला गेलो, ती गरम होती, बोटं भाजली, निम्मी ताटाबाहेर सांडली. अण्णा मान खाली घालून जेवत राहिले. बायकोने त्यांना माझ्यापेक्षा जास्त तूप वाढलं, तेही मी पाहिलं.

संध्याकाळी नोंद उघडली. सव्वा वाजताची ओळ नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हटलं, "उद्यापासून दोन भाकरी जास्त टाक."